आधी ‘हव’ म्हणणारं कार्ड

सोमवार, ७ ऑक्टोबर. खंडेनवमी.

आज सकाळी अंघोळ करून, महाराजांच्या तसबिरीला हार घालून, जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्याहून पहिल्या बसने नव्या रायपूरला गेलो आणि ऑफिसातल्या सहा सर्व्हरची पूजा केली. सुट्टी असूनही माझ्या हाताखालची इंजिनिअर संपदा आली होती. इलेक्ट्रिशियन धर्मपाल नारळ घेऊन हजर होता. जयंत साहेब मागून आले, पण जोडे दाराबाहेर काढून आले, ते मला बरं वाटलं. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, पुण्याचे आहेत, तरी मान ठेवतात.

वडील वणीच्या कापसाच्या जिनात फिटर होते. नवमीला पट्टे उतरवून यंत्र धूत, हळदकुंकू लावत. चालत्या यंत्राला फूल वाहू नये, असं त्यांचं म्हणणं. आधी त्याला निजू द्यायचं, मग पूजा. मी आजवर प्रत्येक नोकरीत ते पाळलं.

आजही पाळलं. संपदा की-बोर्डवर बसून म्हणत होती, “सर, दो मिनट, पहले ठीक से बंद कर लूँ?” पण मुहूर्त निघून चालला होता आणि साहेब घड्याळ पाहत होते. मी धर्मपालला खूण केली. तो “हव”, म्हणजे हो, म्हणाला आणि यूपीएस व सर्व्हर यांच्यामधला मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. फुलं वाहिली, आरती झाली, स्विच वर केला, सगळे दिवे हिरवे. पेढे वाटले.

असा स्विच ओढण्यात मला गैर वाटलं नाही. प्रत्येक गोष्ट आपण तीन सर्व्हरवर ठेवतो ती कशासाठी? वीज गेली तरी हरवू नये म्हणून. अनायासे परीक्षाच झाली म्हणायची.

पुढे मलाच लागेल म्हणून इथे कामाचं थोडं लिहून ठेवतो. जिल्हा रुग्णालयांतले एक्स-रे आणि सिटी स्कॅन आमच्याकडे साठवायचे, म्हणजे रायपूरच्या डॉक्टरांना ते लगेच बघता येतील. सध्या चाचणीसाठी एकटं धमतरी जोडलं आहे. सर्व्हर आणि त्याच्या डिस्क यांच्यामध्ये एक कंट्रोलर कार्ड असतं. आम्ही दोन जातींची आणून पाहिली. तीन सर्व्हरमध्ये साधं कार्ड आहे. ते मधे काही करत नाही, सर्व्हरने दिलेलं डिस्कला देतं आणि डिस्कने सांगितलेलं सर्व्हरला सांगतं. उरलेल्या तिघांत भारी कार्ड. त्याला स्वतःची मेमरी आहे, आणि वीज गेली तर ती जपायला बॅटरी आहे. सर्व्हरने काही लिहायला दिलं की आधी मेमरीत घेतं, ‘झालं’ म्हणून सांगतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतं. आमच्या धर्मपालसारखं. आधी हव, मग काम. म्हणूनच ते वेगवान. धमतरी मी त्याच तिघांवर ठेवलं आहे.

बॅटरी भरेपर्यंत हे कार्ड आपली मेमरी वापरत नाही, पण साहेबांना सचिवालयात वेग दाखवायचा होता, म्हणून ती अट मी सेटिंगमधून काढायला लावली. संपदा म्हणाली, “सर, बैटरी अभी आधी भी नहीं है.” मी म्हटलं, यूपीएस आहे ना. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं. श्रावणात तिने साध्या कार्डापुढे कसलीशी छोटी वेगवान डिस्क लावायची गोष्ट काढली होती. पोरींना नव्या वस्तूंची हौस असते. मुलगी गुणी आहे, फक्त बोलत नाही.

भारी कार्ड घ्यावं, अशी टिपणी मी दिली आहे. दिवाळीआधी साहेबांची सही होईल आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत बसणाऱ्या सर्व्हरसाठी तेच येईल. मन निश्चिंत आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर.

धमतरीहून नीलेशचा फोन. तिथल्या रुग्णालयात स्कॅनचं मशीन तो चालवतो.

“सर, सोमवारचा एक स्कॅन रायपूरच्या डॉक्टरांना दिसतच नाही म्हणे. दुलारीबाई नावाची पेशंट आहे. डोक्याचा स्कॅन.”

“पाठवला होता का?”

“पाठवला ना. नवमीच्या सकाळी. तुमच्याकडून ‘मिळालं’ आलं.”

“मग पुन्हा पाठव.”

“कुठून पाठवू? ‘मिळालं’ आलं की इथलं आपोआप पुसलं जातं. आमच्या डिस्कवर जागाच नाही. तुम्हीच तर तसं लावून देल्लं.”

खरं आहे, मीच लावून दिलं. बाई देवीच्या मेळ्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परतत होती. ट्रॉली उलटली. ती बोलत होती, पाणी मागत होती, आणि स्क्रीनवर ‘मिळालं’ दिसत होतं, म्हणजे रायपूरचे डॉक्टर बघतीलच, म्हणून तिथे कोणी घाई केली नाही. इथे डॉक्टरांच्या यादीत तिचं नावच नव्हतं, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. मधे दसरा गेला. आज बाईला उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुठे फोन.

पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. दोष बहुधा धमतरीच्या लाइनचा असावा. तिथली लाइन नेहमीच अधूनमधून जाते. संपदाला तपासायला सांगितलं. ती “जी सर” म्हणाली आणि लाइनऐवजी आपल्याच सर्व्हरच्या नोंदी उघडून बसली.

गुरुवार, १० ऑक्टोबर.

लाइनचा दोष नव्हता.

संपदाने तिन्ही सर्व्हरच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि खुर्ची सोडून मला बसायला दिली. दुलारीबाईचा स्कॅन आला तेव्हा आम्ही पूजेला उभे होतो. सुट्टीच्या दिवशी कोण पाठवणार, असं मी धरून चाललो होतो. अपघाताला सुट्टी नसते, हे मला कोणी सांगायला नको होतं. तिन्ही सर्व्हरनी तो घेतला, तिन्ही कार्डांनी ‘झालं’ म्हटलं, धमतरीने आपला पुसला, आणि धर्मपालने स्विच ओढला. तिन्ही ठिकाणी तो अजून कार्डाच्या मेमरीत होता. अर्धीही न भरलेली बॅटरी आरतीपर्यंत टिकली नाही. मेमरी पुसली गेली.

तीन ठिकाणी ठेवलं, असं मी अभिमानाने सांगत होतो. पण एकाच सवयीची तीन माणसं एकाच वेळी झोपली, तर जागा कोण राहणार?

दुसऱ्या स्कॅनमध्ये कवटीखाली रक्त साकळलेलं दिसलं. बाईला इथे रायपूरला, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात आणलं. ऑपरेशन आजच. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. जप केला, पण माळ कुठवर आली ते कळेना.

शनिवार, १२ ऑक्टोबर.

बाई शुद्धीवर आहे.

मारुतीला तेल घालून दवाखान्यात गेलो. डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले, हातावर देवीच्या मेळ्यातलं गोंदण अजून ताजं. भाऊ बाकावर बसला होता. त्याला मी सांगितलं की मी अमुक ऑफिसातला, पहिला स्कॅन आमच्याकडे हरवला, उशीर आमच्यामुळे झाला. हे सांगायलाच गेलो होतो, पण वाक्य तीनदा मनात जुळवावं लागलं.

तो म्हणाला, “होथे साहब. मशीन हे.” होतं असं, मशीनच आहे, असं त्याचं म्हणणं.

“मशीनचं नाही. मशीनला मी तसं करायला सांगितलं होतं.”

त्याने सरकून बाकावर मला जागा करून दिली. मग म्हणाला, “त अब कइसे करहू?”

आता कसं कराल. रागाने विचारलं असतं तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. त्याने शेजाऱ्याला बांध फुटल्यावर विचारावं तसं विचारलं.

घरी सौ. विमलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

“तुमच्या त्या पोट्टीनं काही म्हटलं नव्हतं का आधी?”

“संपदा? ती कुठं बोलते.”

“तुम्ही ऐकून राहिले होते का पण?”

विमलाला ऑफिसातलं काही ठाऊक नसतं, पण प्रश्न विचारायची हौस फार.

सोमवार, १४ ऑक्टोबर.

साहेबांकडे जाऊन माझी टिपणी परत मागितली. ते हसले.

“शालिग्रामजी, चाचणी म्हणजे चाचणीच ना? चुका सापडाव्यात म्हणूनच करतो. बॅटऱ्या भरू द्या, प्रश्न मिटला.”

“साहेब, मला पुन्हा तपासायचंय.”

“तपासा. पण दिवाळीआधी मला खरेदी पाठवायची आहे, आणि वेगाचा आकडा मी वर सांगून बसलोय. तो खाली येता कामा नये.” मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “आणि अहवालात लिहा की इलेक्ट्रिशियनने न विचारता स्विच ओढला. कंत्राटी माणूस आहे, विषय संपेल.”

“त्याने विचारून ओढला. खूण मी केली.”

“तुम्ही फार सरळ आहात.”

कौतुकच केलं त्यांनी. अहवालात जसं घडलं तसं लिहिलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर.

या वेळी चाचणीचं काम संपदाकडे दिलं. धमतरीला सांगून ठेवलं की तूर्त काही पुसायचं नाही. पाठवण्यासाठी खोटे स्कॅन बनवले, आणि ते येत असतानाच धर्मपाल स्विच ओढायचा. पहिल्या वेळी तो हात लावेना.

“भैया, फिर कुछ हो गया तो?”

“व्हावं म्हणूनच करून राहिलो, धर्मपाल.”

“अइसन काम पहली बार मिला,” तो म्हणाला, आणि मग त्याला मजा येऊ लागली. संपदा “अब” म्हणायची, तो ओढायचा.

साध्या कार्डाचे सर्व्हर हळू चालले, पण ज्याला ज्याला ‘मिळालं’ म्हटलं होतं, ते सगळं डिस्कवर सापडलं. भारी कार्डाचंही, आता बॅटऱ्या भरल्यावर, सगळं सापडलं. काहीच हरवलं नाही.

म्हणजे साहेब म्हणतात तेही खोटं नाही. बॅटरी ठीक असेल तर भारी कार्ड दगा देत नाही. मग मी कशासाठी अडून बसलो आहे? एका बाईच्या डोक्याची पट्टी पाहिली म्हणून? भीतीने घेतलेला निर्णयही चुकतोच. आज निर्णय घेतला नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर.

संपदाने आज एक आजारी डिस्क आणली. जुन्या सर्व्हरमधली, वाचताना अडखळणारी. ती आधी भारी कार्डाला लावली. सगळा सर्व्हर मधेच थांबायचा, पुन्हा चालायचा. स्क्रीनवर मात्र सगळं ठीक. कार्ड आतल्या आत त्या डिस्ककडून पुन्हा पुन्हा वाचून घेत होतं आणि वर कळू देत नव्हतं. बाकीचे दोन सर्व्हर त्याच्यासाठी ताटकळत बसले.

तीच डिस्क साध्या कार्डाला लावली. ती अडखळताच वर कळलं. क्लस्टरने, म्हणजे तिन्ही सर्व्हरना एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेने, तिला बाजूला काढलं, तिच्याकडचं इतर दोघांकडून घेऊन दुसऱ्या डिस्कवर लिहायला सुरुवात केली. कोणी कोणासाठी थांबलं नाही.

मग संपदाने भारी कार्डाखालची एक चांगली डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरला लावली. वाचता येईना. त्या कार्डाने आपल्या पद्धतीने लिहिलेलं, त्याच जातीच्या कार्डालाच कळतं. उद्या कांकेरला कार्ड जळलं तर तसंच दुसरं यायला किती दिवस लागतील, देव जाणे.

आता भीती उरली नाही, समज आली. आमच्या क्लस्टरला डिस्कची काळजी कशी घ्यायची ते ठाऊक आहे. मधे दुसरा कारभारी कशाला? भारी कार्ड वाईट नाही, ते एकट्या सर्व्हरसाठी बनवलेलं आहे. जिथे तीन जण एकमेकांना सांभाळून घेतात, तिथे मधल्याने फक्त खरं सांगावं. आणि बॅटरी आज भरलेली आहे. चार वर्षांनी, उन्हाळ्यात, सुकम्यासारख्या लांबच्या जिल्ह्यात तिच्याकडे कोण बघणार आहे?

साधंच कार्ड. ठरलं. उरला प्रश्न वेगाचा.

शनिवार, १९ ऑक्टोबर.

आज पूजेला बसलो असताना सुचलं. साध्या कार्डाचा वेग कमी पडतो तो मोठ्या डिस्क हळू लिहितात म्हणून. मग प्रत्येक सर्व्हरमध्ये त्यांच्यापुढे एक छोटी वेगवान डिस्क लावावी. वीज गेली तरी हातात घेतलेलं लिहून पूर्ण करण्यापुरती ताकद जिच्यात असते, तशी. आलेलं आधी तिच्यावर पक्कं लिहायचं, मगच ‘मिळालं’ म्हणायचं, आणि मोठ्या डिस्कवर नंतर उतरवायचं. उतावीळपणा नाही, आणि वेगही मिळतो. देवाने अगदी हातात ठेवावं तसं झालं.

ऑफिसला जाताच संपदाला समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“समझी?” मी विचारलं.

“जी सर, समझ गई.” तिला का कोण जाणे हसू येत होतं. “डिस्क मेरे ड्रॉवर में रखी है. छह.”

“सहा? केव्हा मागवल्या?”

“अगस्त में सर. नमूने के लिए.”

योगायोग बघा. दुपारपर्यंत लावून झाल्या. संध्याकाळी वेग मोजला. भारी कार्डापेक्षा किंचित कमी, पण साहेबांनी वर सांगितलेल्या आकड्याच्या पुढेच. धर्मपालने तासभर स्विच ओढला. एकही स्कॅन हरवला नाही.

रात्री जेवताना विमलाला सांगितलं. ती म्हणाली, “हे तर त्या पोट्टीचंच होय ना? श्रावणात तुम्हीच सांगत होते मले, छोटी डिस्क लावू म्हणते म्हणून.” दोन गोष्टींची गल्लत करायची तिची जुनी सवय आहे. वाद घातला नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर.

नवी टिपणी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली.

“भारी कार्ड घ्या म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच लिहिलंत. आता साधं घ्या म्हणता. वर मी काय सांगू? आमचे शालिग्रामजी रोज नवीन गोष्ट सांगतात?”

“पहिली टिपणी माझी चूक होती, असं सांगा. या टिपणीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे.”

“लिहिलंत?” त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. वाचलं. “असं कोणी लिहीत नाही हो. ‘फेरविचारांती’ म्हणतात.”

“फेरविचार नव्हता साहेब. एक बाई मरता मरता वाचली.”

ते पुढची पानं चाळू लागले. नंतर विचारलं, “वेग?”

मी आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “मग हरकत काय आहे,” म्हणाले. एवढ्यासाठी मी शनिवारपासून मनात भांडण रचून ठेवलं होतं. सगळं वाया गेलं.

टिपणीच्या तळाशी ‘प्रस्ताव’ या शब्दाखाली मी माझं नाव लिहिलं होतं. संपदाने टाईप करताना माझ्या नावाआधी तिचं नाव घातलं आहे. नजरचुकीने असावं. पण पुढे हा क्लस्टर तीच सांभाळणार, तेव्हा राहू दिलं. दिसतंही बरं.

बुधवार, २३ ऑक्टोबर.

साहेबांची सही झाली. खरेदी साध्या कार्डांची.

भारी कार्डं मी स्वतः काढली. संपदा म्हणाली, मैं कर देती हूँ. मी म्हटलं, नाही, आणायला मीच सांगितली होती. एकेक खोबणीतून सोडवलं, पुसलं, त्याच्या खोक्यात ठेवलं. त्यांच्यावर राग नाही. एकट्या सर्व्हरच्या कामाला लेखा विभागात जातील, तिथे शोभतील. त्या जागी साधी कार्डं बसवली. धर्मपाल टॉर्च धरून उभा होता. दुलारीबाईला परवा घरी सोडलं, हे त्यानेच सांगितलं. तो दोनदा बघून आला होता. मला बोलला नव्हता.

मग धमतरीचा नियमही बदलला. आता तिन्ही सर्व्हरवर पक्कं लिहिलं गेल्याशिवाय ‘मिळालं’ जाणार नाही, आणि ते गेल्यावरही तिथली प्रत आठवडाभर राहील. त्यासाठी नीलेशला एक जास्तीची डिस्क पाठवली आहे.

दुपारी त्याला फोन लावला आणि पहिला खरा स्कॅन मागवला. कोणाच्या तरी गुडघ्याचा होता. तो पाठवून तिकडे फोन कानाला लावून बसला, आम्ही तिघं इकडे स्क्रीनसमोर. ‘मिळालं’ लगेच आलं नाही. पूर्वी पाठवल्या पाठवल्या यायचं.

“सर,” नीलेश म्हणाला, “धीमं झालं का?”

“धीमं नाही,” मी म्हटलं. “थांब. लिहून राहिलं.”